इन्स्ट्रक्टरचा दर्जा आणि त्याचा उत्साह कसा टिकवायचा: नव्या सीएफआयसाठी

सीएफआयच्या, म्हणजे फ्लाइंग स्कूलच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या, खुर्चीत बसलं की दिवस कुठे जातो कळत नाही. विमानांचे स्नॅग (बिघाड), हवामान, डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची) पत्रं, पालकांचे फोन, रोस्टर. या गडबडीत इन्स्ट्रक्टरकडे बघायचं राहून जातं. तो रोज विमानात बसतो, सॉर्टी (शिकवणीची उड्डाणं) पूर्ण होतात, तेव्हा शिकवतही नीटच असणार असं आपण गृहीत धरतो. मी विदर्भातल्या एका धावपट्टीवर आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टर, मग इन्स्ट्रक्टर आणि आता सीएफआय म्हणून काम करते. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. इन्स्ट्रक्टरच्या शिकवण्याकडे कोणी जाणकार माणूस नियमितपणे, बारकाईने बघत असेल आणि त्याबद्दल त्याच्याशी बोलत असेल, तर त्याचं मन कामात राहतं. कोणीच बघत नसेल तर तो हळूहळू नुसते तास भरायला लागतो. पगार, सुट्टी, कौतुक हे सगळं लागतंच, पण ते त्याच्या नंतर.

नव्याने सीएफआय किंवा डेप्युटी झालेल्यांना उपयोगी पडेल म्हणून मी जे करते ते इथे लिहिते आहे.

तुमचा इन्स्ट्रक्टर कोण आहे

आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून. लायसन्स हातात येतं तेव्हा मुलगा किंवा मुलगी विशी जेमतेम ओलांडलेली असते, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं आणि एअरलाइनची भरती नेमकी थांबलेली असते. अशा वेळी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर होणं हा सरळ मार्ग असतो: उडायला मिळतं, वहीत (लॉगबुकात) तास चढतात, थोडे पैसे येतात. तुमच्या फ्लाइट ऑफिसमधले निम्म्याहून जास्त लोक याच वाटेने आलेले असतील.

त्यांना जायचं असतं आणि ते जाणारच. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अडचण होते ती हे कोणी उघडपणे बोलत नाही म्हणून. एक मुलगा रुजू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "किती दिवस थांबणार आहेस?"

तो चाचरला. "मॅम, खरं सांगू का? भरती उघडली की जाणार. मी तास करायलाच आलोय."

"ठीक आहे. मग जाईपर्यंत जितकी मुलं तुझ्या हाताखाली येतील, ती कशी तयार व्हायला हवीत ते आज ठरवू. आणि तू इथून काय घेऊन जाणार तेही ठरवू."

त्यानंतर त्याला मी जे सांगितलं ते प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्टरला सांगते. दुसऱ्याच्या हातात विमान असताना शांत बसून बघायचं, चूक कुठे चालली आहे ते आधी ओळखायचं, बोलून दुरुस्त होतं का ते पाहायचं आणि नाहीच झालं तर वेळेवर हातात घ्यायचं. एअरबसच्या डाव्या सीटवर बसलेल्या कॅप्टनचं, शेजारचा को-पायलट उडवत असताना, हेच काम असतं. हे शिकायची जागा उजव्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर म्हणून मिळते. एअरलाइनमध्ये गेल्यावर पहिली काही वर्षं ती पुन्हा मिळत नाही. एवढं एकदा लक्षात आलं की तास करायला आलेलाही मन लावून शिकवतो. मी हे वारंवार पाहिलं आहे.

पहिल्याच दिवशी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: किती काळ थांबण्याचा विचार आहे, शिकवण्यातला कोणता भाग अवघड वाटतो आणि पुढे काय करायचं आहे. कागद त्याच्या फाइलमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच्यासमोर उघडा.

गोस्पोर्टचं उदाहरण

इन्स्ट्रक्टर उदास झाले की संपूर्ण हवाई दल कसं ढासळतं, आणि त्यांच्यात जीव आला की कसं बदलतं, हे जगाने एकदा नीट पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकवण्याच्या कामावर बहुतेक करून आघाडीवरून थकून आलेले किंवा तिकडे नको झालेले वैमानिक येत. शिकवायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसे. विद्यार्थ्यांना ते 'हूण' म्हणत, म्हणजे शत्रूला जे नाव होतं तेच, कारण विद्यार्थी विमानं मोडत. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. इन्स्ट्रक्टर जोखमीचं काही करून दाखवायचं टाळत. परिणामी अर्धवट शिकलेली मुलं थेट फ्रान्सच्या आघाडीवर जात.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी हा स्क्वाड्रन चालवणारा मेजर. आपल्याकडे येणाऱ्या नव्या वैमानिकांची अवस्था पाहून त्याने वरिष्ठांना पत्रं लिहिली, आणि १९१६ च्या अखेरीस त्यालाच गोस्पोर्टला शिकवण्याचं काम देण्यात आलं. त्याने दुहेरी कंट्रोल असलेलं अ‍ॅव्हरो ५०४ घेतलं आणि विद्यार्थ्याला नेहमी वैमानिकाच्याच जागेवर बसवायचं ठरवलं. दोघांना बोलता यावं म्हणून रबरी नळी आली, तिला आजही गोस्पोर्ट ट्यूब म्हणतात. स्पिन (विमानाचं गिरक्या घेत खाली येणं), आडवा वारा, इंजिन बंद पडल्यावरचं लँडिंग या भीतीच्या गोष्टी टाळण्याऐवजी मुद्दाम शिकवायला घेतल्या. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी: १९१७ साली तिथे जी खास शाळा उभी राहिली तिचे विद्यार्थी हे इन्स्ट्रक्टर होते. आधी त्यांना शिकवलं गेलं. विमान का वळतं, का घसरतं, का स्पिनमध्ये जातं हे त्यांना कारणांसह कळलं, आणि शिकवण्याचं काम अभिमानाने सांगण्यासारखं झालं.

भारतीय हवाई दलाने हाच धागा पुढे नेला. फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल १९४८ साली अंबाल्याला सुरू झाली आणि पुढे चेन्नईजवळ तांबरमला गेली. माझे सर तिथून आलेले. वयाची साठी जवळ आलेली असतानाही ते सॉर्टीच्या आधी विद्यार्थ्याशी काय बोलायचं ते मनाशी घोकत. नागरी शाळेत आपल्यापाशी तांबरमसारखी व्यवस्था नसते. तेव्हा ते काम सीएफआयलाच करावं लागतं.

मापदंड लिहून काढा, वाद मिटवा

विद्यार्थी आज एका इन्स्ट्रक्टरबरोबर, परवा दुसऱ्याबरोबर उडतो. पहिला सांगतो, फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ उतारावर) नाकाने वेग सांभाळ आणि थ्रॉटलने उंची. दुसरा नेमकं उलट सांगतो. एरोडायनॅमिक्सच्या पुस्तकात दोघांच्या बाजूने लिहिता येईल इतका मजकूर आहे. पण दहा-बारा तास झालेल्या मुलाला तो वाद सोसत नाही. त्याला वाटतं आपल्यालाच काही कळत नाही.

यासाठी महिन्यातून एकदा सगळ्या इन्स्ट्रक्टरना एकत्र बसवा, दार बंद करा, आणि एका बैठकीत एकच विषय घ्या. आमच्याकडे ठरलं ते असं: सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या) टप्प्यावर सगळे जण नाकाने वेग, थ्रॉटलने उंची हेच शिकवतील, इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगला पोहोचल्यावर दुसरी पद्धत आणि तिचं कारण सांगतील. सेसना १७२ च्या मॅन्युअलमध्ये पूर्ण फ्लॅपवर अ‍ॅप्रोचला ६० ते ७० नॉटची पट्टी आहे. आम्ही ६५ धरतो, पाच नॉट इकडे-तिकडे. जमिनीपासून ३०० फुटांवर वेग, उतार किंवा सरळ रेषा यांतलं काही बसत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर, आणि तो इन्स्ट्रक्टरने नव्हे, विद्यार्थ्याने म्हणायचा. कंट्रोल देताना-घेताना तिन्ही वाक्यं पूर्ण: "आय हॅव कंट्रोल", "यू हॅव कंट्रोल", "आय हॅव कंट्रोल". नुसती मान हलवून चालणार नाही.

हे आकडे तुमच्या धावपट्टीवर आणि तुमच्या विमानावर वेगळे असतील. ते वरून लादू नका. इन्स्ट्रक्टरना वाद घालू द्या, एकमेकांना विमानात नेऊन दाखवू द्या, आणि मग जे ठरेल ते छापून ब्रीफिंग रूममध्ये लावा. स्वतः भांडून ठरवलेला आकडा माणूस पाळतो. ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही तोही पाळतो, कारण त्याचं ऐकून घेतलेलं असतं.

इन्स्ट्रक्टरबरोबर स्वतः उडा

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर हे करा. दर महिन्याला प्रत्येक इन्स्ट्रक्टरबरोबर एक सॉर्टी. तुम्ही डाव्या सीटवर, विद्यार्थी म्हणून. तो उजव्या सीटवर, त्याने तुम्हाला शिकवायचं. ब्रीफिंगपासून सुरुवात, डीब्रीफपर्यंत (उड्डाणानंतरच्या चर्चेपर्यंत). वर्षातून एकदा कागदपत्रासाठी होणारा चेक हा नव्हे. तिथे माणूस परीक्षेचं उडतो आणि आपल्याला काही कळत नाही.

डाव्या सीटवर बसून विद्यार्थी करतात त्याच चुका करा, पण खऱ्यासारख्या. टेक-ऑफच्या वेळी उजवा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) उशिरा द्या. वळणात नजर आत, एअरस्पीडच्या काट्यामागे धावू द्या. फायनलवर बोलणं बंद करा आणि योक (विमानाचं हँडल) घट्ट धरून बसा; घाबरलेला विद्यार्थी असाच गप्प होतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) जरा उंचावर करा, म्हणजे विमान तरंगत राहील. आणि मग लक्ष ठेवा.

पहिलं बघायचं ते त्याचे हात. उजव्या सीटवरच्या पुष्कळ इन्स्ट्रक्टरना सवय लागते की दोन बोटं कायम योकवर आणि पाय कायम रडरवर हलका दाब देऊन. त्यांना वाटतं आपण फक्त तयारीत आहोत. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचं अर्धं लँडिंग तेच करत असतात. विद्यार्थ्याला योकमधून येणारा दाब कळतो, पण तो वाऱ्याचा, विमानाचा की इन्स्ट्रक्टरचा हे कळत नाही. वहीत तीस लँडिंग लिहिली जातात आणि त्यातलं एकही पूर्णपणे त्याचं नसतं. मग सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधीच्या चेकला आपण बसतो, हात मांडीवर ठेवतो आणि विमान धावपट्टीवर आपटतं. दोष मुलाच्या माथी येतो.

हे पकडायची माझी पद्धत सोपी आहे. फायनलवर मी माझ्या हातातला दाब मुद्दाम थोडा कमी करते. नाक जागेवरच राहिलं तर दुसरा कोणीतरी धरून आहे. खाली आल्यावर मी एवढंच विचारते, "शेवटच्या शंभर फुटांत विमान कोणाकडे होतं?" प्रामाणिक इन्स्ट्रक्टर क्षणभर थांबतो आणि सांगतो. पुढच्या सॉर्टीला तो हात कुठे ठेवतो ते मला सांगावं लागत नाही.

दुसरं, तो हातात कधी घेतो. फार लवकर घेतला तर विद्यार्थ्याला आपली चूक दिसतच नाही. फार उशिरा घेतला तर नोजव्हील जाईल. प्रत्येक इन्स्ट्रक्टरची एक सीमा असते आणि ती त्याच्या अनुभवाबरोबर सरकते. नव्या असिस्टंटची सीमा धोक्यापासून लांब असू द्या, म्हणजे त्याने जरा लवकर घेतलं तरी ते योग्यच आहे. पण पाचशे तास शिकवून झालेल्याचीही ती तिथेच असेल तर त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास उरलेला नाही, आणि त्याचं कारण शोधायला हवं. ते पुढे येतंच आहे.

तिसरं, तो बोलतो किती. एकसारखं बोलणारा इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याला विचार करू देत नाही. "रडर, रडर, बघ स्पीड, नाक खाली, स्पीड" अशी सरबत्ती चालू असली की मूल हुकूम पाळणारं यंत्र होतं, आणि सोलोला उजवी सीट रिकामी असते तेव्हा हुकूम देणारं कोणी नसतं. दाखवून झाल्यावर, बरोबरीने करून घेतल्यावर, तिसऱ्या टप्प्याला इन्स्ट्रक्टरने गप्प बसायला शिकलं पाहिजे. मी इन्स्ट्रक्टरला सांगते, एक पूर्ण सर्किट काहीही न बोलता कर. फक्त धोका असेल तर बोल. बहुतेकांना ते पहिल्या खेपेला फार जड जातं.

चौथं, विद्यार्थ्याची चूक त्याने कारणापर्यंत नेली का. फ्लेअर उंच झाला हे दिसतंच. तो का झाला? नजर धावपट्टीच्या जवळच्या टोकावर होती म्हणून? सीट खाली होती म्हणून? वेग जास्त होता म्हणून? "थोडा उशिरा फ्लेअर कर" असं सांगणाऱ्याने काहीच शिकवलेलं नाही.

सॉर्टी संपल्यावर आधी त्याला बोलू द्या. मग तुमचं सांगा, दोन मुद्दे, फार तर तीन. आणि जे चांगलं केलं ते नेमकेपणाने सांगा: "बेस लेगवर तू मला वाऱ्याबद्दल विचारलंस आणि उत्तर येईपर्यंत थांबलास, ते फार चांगलं होतं." असं नेमकं कौतुक इन्स्ट्रक्टरला वर्षानुवर्षं कोणाकडून मिळालेलं नसतं. तरुणच काय, केस पिकलेले इन्स्ट्रक्टरही त्यावर खुलतात.

आणि तुमच्यावरही ही सॉर्टी झाली पाहिजे. तुमच्या सर्वांत अनुभवी इन्स्ट्रक्टरला सांगा की तू माझ्याबरोबर उड आणि माझी मूल्यमापनाची शीट भर. ती शीट इतरांना बघायला मोकळी ठेवा.

फाइल वाचा

दर शनिवारी कोणत्याही पाच विद्यार्थ्यांच्या प्रोग्रेस फाइल काढून वाचा. "गुड प्रोग्रेस, नीड्स मोअर प्रॅक्टिस" असा शेरा दिसला की तो ज्याने लिहिला त्याच्या टेबलावर फाइल परत जाते. त्या वाक्याने पुढच्या इन्स्ट्रक्टरला काहीच कळत नाही. शेरा असा हवा: "फायनलवर वेग ६० ते ७५ मध्ये हलतो, कारण ट्रिम करत नाही. पुढच्या सॉर्टीला आधी वर जाऊन लेव्हल, क्लाइंब, डिसेंटमध्ये ट्रिमच करून घ्यावं, मग सर्किट." हा शेरा लिहायला तीन मिनिटं लागतात आणि विद्यार्थ्याच्या दोन-तीन सॉर्टी वाचतात. प्रत्येक सॉर्टीला त्याच्या घरचे काही हजार रुपये मोजतात हे इन्स्ट्रक्टरने कधी विसरू नये.

वही, टेक लॉग (विमानाची नोंदवही) आणि हॉब्स मीटर (विमानातलं तास मोजणारं मीटर) हे तिन्ही जुळतात का तेही त्याच वेळी पाहा. न उडलेले तास वहीत चढवणं हा आपल्या क्षेत्राला लागलेला जुना रोग आहे. ज्या शाळेत असं एकदा खपवून घेतलं जातं तिथल्या चांगल्या इन्स्ट्रक्टरचं मन त्याच दिवशी उडतं, कारण त्याने घाम गाळून दिलेल्या तासाला आणि पेनाने लिहिलेल्या तासाला एकच किंमत मिळते. इथे दुसरी संधी वगैरे काही नाही. लगेच उड्डाण बंद, आणि कळवायचं तिथे लेखी कळवायचं.

विमानात ओरडणं, शिव्या देणं, हातावर मारणं, मुलींशी लागट बोलणं किंवा वागणं, यालाही तोच नियम. काही जुने लोक म्हणतात, आम्ही मार खाऊनच शिकलो. भ्यालेल्या माणसाची नजर आखडते, ऐकू कमी येतं, आणि अशा डोक्यात काही शिरत नाही. तक्रार आली की त्या दिवशीच्या रोस्टरवरून नाव काढा, मग चौकशी करा. मुलींना आणि मुलांनाही तक्रार घेऊन थेट तुमच्याकडे येता यावं, मधे कोणाचं टेबल नसावं.

पैसा, ऊन आणि पाचवी सॉर्टी

बऱ्याच ठिकाणी इन्स्ट्रक्टरला थोडा ठरावीक पगार आणि बाकी तासावर मिळतं. विदर्भात पावसाळ्याचे महिने ढगात जातात, हिवाळ्याच्या सकाळी धुकं असतं. तासावर जगणाऱ्या माणसाला त्या दिवसांत काही मिळत नाही. मग हवामान उघडलं की तो दिवसभर विमानातून उतरत नाही, ब्रीफिंग टॅक्सी करताना उरकतो आणि डीब्रीफ चालता चालता. तो वाईट नाही, पगाराच्या रचनेने त्याला तसं केलं आहे.

मालक तुम्ही नसाल तरी व्यवस्थापनाला लेखी दोन गोष्टी मागा, आणि पुन्हा पुन्हा मागा. एक, ठरावीक पगार इतका असावा की पाऊस पडला म्हणून खोलीभाडं थकणार नाही. दोन, जमिनीवरच्या ब्रीफिंगला आणि डीब्रीफला तासाप्रमाणे पैसे. दुसरी मागणी मान्य करून घेणं मला तुलनेने सोपं गेलं, कारण हिशेब दाखवता येतो: नीट ब्रीफिंग झालं तर सॉर्टी वाया जात नाहीत, विद्यार्थी वेळेत संपतात, विमान पुढच्याला मोकळं होतं.

सॉर्टींवर तुमची स्वतःची मर्यादा घाला, नियमातल्या मर्यादेपेक्षा कडक. उन्हाळ्यात मी एका इन्स्ट्रक्टरला चारच्या वर सॉर्टी देत नाही. सुमारे हजार फूट उंचीवरची धावपट्टी, पारा ४२ अंश, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (तापलेल्या विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या आसपास जाते. विमान धावपट्टी खात जातं, चढायला कुरकुरतं, दहानंतर थर्मलचे धक्के बसतात, कॉकपिट भट्टीसारखं तापतं. पाचव्या सॉर्टीला इन्स्ट्रक्टर बोलायचा थांबतो, आणि तो वर सांगितलेला विचारपूर्वक गप्पपणा नसतो. तो थकलेला असतो. उजाडताच पहिली सॉर्टी लावा, साडेदहाला विमानं आत घ्या, दुपारी वर्गात शिकवा.

जुन्या इन्स्ट्रक्टरचं मन

नवे जातात ही एक काळजी, जुने कंटाळतात ही त्याहून मोठी. हजारो तास त्याच सर्किटमध्ये फिरलेला माणूस. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: इन्स्ट्रक्टर दिवसभर विमानात असतो पण स्वतः उडवत नाही. त्याच्या वहीत लँडिंग शेकड्याने असतात, हातची मोजकी. त्याचा हात गंजतो, हात गंजला की विश्वास जातो, विश्वास गेला की तो विद्यार्थ्याच्या हातून विमान लवकर काढून घेतो. वर म्हटलं ते कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्याला महिन्यातून एक तास विमान द्या, विद्यार्थ्याविना. उजव्या सीटवरून फोर्स्ड लँडिंगचा सराव, स्टीप टर्न, शॉर्ट फील्ड, आडव्या वाऱ्यात लँडिंग. दोन इन्स्ट्रक्टर मिळून गेले तर आणखी चांगलं. हवाई दलात याला म्युच्युअल म्हणतात. व्यवस्थापन म्हणेल इंधन जातं. जाऊ दे. तो तास पुढच्या महिनाभराच्या शिकवण्यात परत येतो.

दुसरं, प्रत्येकाला एक विषय द्या. आमच्यात एकाकडे स्टॉल आणि स्पिन, एका महिला इन्स्ट्रक्टरकडे रात्रीचं उड्डाण, एकाकडे क्रॉस-कंट्रीचे मार्ग आणि त्यांवरची पर्यायी मैदानं. त्या विषयाचं ब्रीफिंग तोच तयार करतो आणि इतर इन्स्ट्रक्टरना तोच शिकवतो. अपघातांचे सरकारी तपास अहवाल उघड असतात. आपापल्या विषयाशी जुळणारा एक अहवाल दर बैठकीला घेऊन यायचा असा आमचा नियम आहे.

तिसरं, पहिल्या सोलोचं श्रेय. असिस्टंट इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याला पहिल्या सोलोवर सोडायचा अधिकार नसतो. दहा-पंधरा तास तो मेहनत घेतो, आणि शेवटी चेक घेऊन विमानातून उतरतात ते आपण. फोटोतही आपणच. हे बदला. चेक चांगला झाला की आधी त्या असिस्टंटला बोलवा, मुलाच्या खांद्यावर त्यानेच हात ठेवून सांगू दे. मग दोघांनी मिळून विंडसॉकजवळ उभं राहून ते सर्किट बघा. मुलाच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचा मानही त्याचाच. माझ्या पाहण्यात या एका बदलाने तरुण इन्स्ट्रक्टर जितके बदलले तितके कशानेच नाहीत.

डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. व्यवस्थापनाचा धीर सुटू लागला की ते इन्स्ट्रक्टरवर तासांसाठी दबाव आणतात. तो दबाव तुमच्या टेबलावर थांबला पाहिजे. इन्स्ट्रक्टरच्या खोलीत तासांचा तक्ता लावू नका. किती विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर अडकले आहेत आणि का, एवढंच लावा.

तो जातो तेव्हा

राजीनामा आला की अभिनंदन करा, मनापासून. मग उरलेल्या नोटिशीच्या काळात दोन गोष्टी करून घ्या. त्याच्याकडे असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक सॉर्टी अशी लावा की पुढचा इन्स्ट्रक्टर मागच्या सीटवर बसून नुसता बघेल. फाइलमध्ये न मावणारं पुष्कळ काही त्या तासात हातून हातात जातं: हा मुलगा ओरडल्यावर बंद पडतो, ही मुलगी प्रश्न मनात ठेवते, याला रेडिओची भीती आहे. सेसना १७२ मध्ये हे सहज होतं. शाळेत १५२ असेल तर मागे जागा नसते, तेव्हा दोघा इन्स्ट्रक्टरना त्या विद्यार्थ्याच्या ब्रीफिंगला आणि डीब्रीफला एकत्र बसवा.

दुसरं, पहिल्या दिवशी लिहून घेतलेला कागद काढा आणि त्याला विचारा की शिकवणं कुठे सुधारलं, कुठे अडलं, आणि आपण त्याला कशात कमी पडलो. त्याचं उत्तर लिहून ठेवा. पुढचा असिस्टंट सोमवारी रुजू होणार असेल तर ते रविवारीच वाचून ठेवा.